रविवारच्या अंघोळी

"हात लावू का?" असं विचारल्याशिवाय मावशी कुणालाही हात लावत नसत. दोन वर्षं तोंडातून शब्द न निघालेल्या एका आजोबांनाही त्या विचारायच्या, थोडं थांबायच्या आणि मला सांगायच्या, "हो म्हनले." मग त्यांची कूस बदलायच्या. आजोबा हो कसं म्हणतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर आमचा वृद्धाश्रम आहे. मी तिथलं ऑफिस सांभाळते. मावशी म्हाताऱ्या माणसांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं बघायच्या. मूळच्या हिंगोलीकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, खारीगावात भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांना एकच घोर होता, आपलं म्हातारपण कोण बघणार?

तुम्ही रविवारी वृद्धाश्रमात गेला असाल तर सगळे कसे नीटनेटके होऊन बसलेले असतात, ते पाहिलं असेल. भेटीची वेळ दहा ते एक. मावशी ज्यांच्याकडे कुणी येणार असेल त्यांना आधी अंघोळ घालायच्या. ज्यांच्याकडे कुणीच येत नाही, त्यांचा नंबर शेवटी. डोक्याला तेल, पायांना मालिश, गरम पाणी, सगळं सावकाश. साडी नेसवून होईपर्यंत एक वाजायचा, जेवणाची घंटा व्हायची.

त्या आज्या मावशींवर जाम उखडायच्या. एकजण तर दर रविवारी म्हणायची की तुझ्यामुळे माझा मुलगा वाट बघून परत गेला असेल. "चुकलंच माझं," मावशी म्हणायच्या आणि केस विंचरत राहायच्या.

मी नवीन होते, अंगात शिस्त मुरलेली. तक्रारी ऐकून मी खोली नंबरप्रमाणे अंघोळीची यादी लावली. मावशींनी यादी वाचली आणि त्या पाणी तापवायला गेल्या. त्या रविवारी ती मुलाची वाट बघणारी आजी नऊ वाजताच तयार होऊन फाटकाकडे तोंड करून बसली. एक वाजता तिने मला हळूच विचारलं, "फाटक उघडंच आहे ना गं?" मी यादी फाडली. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

पुढे एका दुपारी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. आश्रमात राहायला यायचं तर अर्जावर जबाबदार नातेवाइकाची सही लागते. ट्रस्टी मावशींना ठेवून घ्यायला तयार होते, पण सही हवी म्हणत होते.

"ताई, तुमी कराल का?"

घरी विचारून सांगते, असं मी म्हटलं. नवरा म्हणाला की उद्या काही झालं तर फोन आपल्यालाच येणार. त्याचं चुकत नव्हतं. मग मी दोन महिने मावशींना टाळत राहिले. त्या समोरून आल्या की मला एकाएकी कोठीच्या खोलीत काम निघायचं. त्यांना ते कळत होतं. त्यांनी परत विचारलं नाही आणि माझ्या टेबलावर आणून द्यायचा चहाही कधी चुकवला नाही.

शेवटी गुडघा पार गेला. जिना चढवेना, तेव्हा काम थांबवावं लागलं. गावाहून पुतण्या न्यायला आला. कितीतरी वर्षांत त्याचा साधा फोन नव्हता. तो ऑफिसात बसून सारखं घड्याळ बघत होता. मी मावशींना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मी सही करते. आत्ता करते. जाऊ नका."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"आपलं मानूस न्यायला आलंय, ताई. त्याला नाही कसं म्हनू? इथं किती जन वाट बघायलेत."

रिक्षात पुतण्या फोनवर बोलत होता. मावशी कडेला अंग चोरून बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मला त्या हव्या होत्या. एवढं वेळेवर सांगायला माझी जीभ का रेटली नाही, कोण जाणे.

वर गॅलरीत आज्या जमल्या होत्या. रिक्षा वळल्यावर त्यांतली एक म्हणाली, "नशीब काढलं हो मावशीनं. न्यायला आले."