स्पिटफायरमधली कटावणी

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती. पनवेलजवळ खाडीकाठच्या तात्पुरत्या धावपट्टीवर आमची तुकडी होती. मी कॉर्पोरल, काम फिटरचं, म्हणजे विमानाच्या देखभालीचं. माझ्या ताब्यात एकच लढाऊ विमान, स्पिटफायर. वैमानिक फ्लाइंग ऑफिसर सामंत, ब्रह्मदेशात त्याच विमानातून लढलेले. "शिंदे, ही म्हातारी तुझ्या भरवशावर उडते," म्हणायचे. मी फुशारून जायचो.

स्पिटफायरच्या दाराच्या आत क्लिपमध्ये छोटी कटावणी असते. डोक्यावरचं काचेचं हुड अडकलं तर वैमानिकाने ती वापरायची. आम्ही फिटर तिने खोकी उघडायचो, कारण स्टोअरमध्ये मागून काही मिळेल तर शपथ. काम झालं की परत लावायची. त्या सकाळी मी खोकं उघडलं, कटावणी बाकावर ठेवली आणि विमान तयार असल्याची सही ठोकली.

साडेनऊला उड्डाण. दहा वाजून पाच मिनिटांनी इंजिन बंद पडलं. सामंतांनी विमान खाडीच्या चिखलात पोटावर उतरवलं. मी रेडिओच्या ट्रकपाशीच होतो.

"कंट्रोल, मी ठीक आहे. सांगाडा पिळवटलाय. हुड, दार, दोन्ही हलत नाहीत. कटावणी जागेवर नाही. ओव्हर."

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. पुढे चौकशीत कटावणीबद्दल तो बोलला नाही, आणि मीही नाही.

मी कटावणी घेऊन पळत सुटलो. भरती लागली होती. काठावर नामा पाटील मासे धरून परतत होता. तिथली माणसं चिखलावर फळी टाकतात, एक गुडघा तिच्यावर टेकतात आणि दुसऱ्या पायाने रेटत जातात.

"साहेब, ती कटावणी मना द्या. तुमी नका जाऊ, चिखल सोडत नाय."

द्यायला हवी होती. पण चूक माझी, तर निस्तरणारही मीच, हा माज होता. "बाजूला हो!" म्हणालो आणि उतरलो. वीस पावलांत कमरेपर्यंत रुतलो. जितका झटलो तितका खाली गेलो.

सामंत काचेतून दिसत होते. मुठीने काच ठोकत होते. मला पाहिलं आणि ठोकणं थांबवून हाताने खूण केली : मागे जा.

पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा नामा फळी रेटत आला. "आडवं पडा! हातपाय झाडू नका!" त्याने आधी मला सोडवलं, मग कटावणी घेऊन पुढे गेला. तोवर हुड पाण्याखाली होतं. त्याने काच फोडून सामंतांना बाहेर ओढलं. श्वास नव्हता.

विमान ओढून काढलं. एकोणीसशे साठनंतर ते डागडुजी करून एका प्रशिक्षण केंद्रात चौथऱ्यावर उभं केलं. समारंभाला सामंतांचे वडील आले होते. 'धावून गेलेला फिटर' म्हणून मलाही बोलावणं होतं. म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले.

"बाळ, आपल्याकडे कुणीतरी येतंय, हे त्याला दिसलं का रे?"

"दिसलं, काका."

"मग मला पुरे."

उरलेलं त्यांच्या हयातीत सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून आज लिहिलं. फ्लाइंग ऑफिसर सामंत चोवीस वर्षांचे होते.