छापील मराठीचे शेजारी

बंदर कचेरीतले आमचे शेजारी मालवणातच जन्मलेले, पण बोलत छापील मराठीत, अगदी बायकोशीसुद्धा. आम्हाला हसू येई.

वादळाची तार आली त्या दुपारी ते किनाऱ्यावरच्या झोपड्यांतून फिरले. मीही सोबत होतो. "कृपया शाळेत आश्रय घ्यावा," असं दारोदार सांगत होते. लोक निघाले. एक म्हातारी मात्र हलेना.

"कोंबी अंड्यांर बसली आसा. तिका टाकून मी येवचंय नाय."

ते तिच्यापुढे उकिडवे बसले. "आये, कोंबयेक मी घेतंय. तू चल गो."

कोंबडीची टोपली छातीशी धरून ते वाळू तुडवत निघाले. कोंबडी हाताला टोचत होती.

संध्याकाळपर्यंत समुद्राने झोपड्या नेल्या. शाळेत म्हातारीचा डोळा लागला होता, आणि टोपलीला वारा लागू नये म्हणून ते दाराकडे पाठ करून बसले होते.