साहेब म्हणाले, 'खाली करो'

मंगळवारी मुकुंदला भेटायला देवासला गेलो होतो. धारहून निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं, तरी इंदूर येईपर्यंत जीव दारातच अडकलेला... पण खरी काळजी कुलपाची नव्हतीच.

मुकुंद माझा मुलगा. चाळिशी उलटली आहे, त्याला ऑटिझम आहे. त्याची आई गेल्यावर मला एकट्याला जमेना, म्हणून त्याला सोनकच्छ रोडवरच्या निवासी संस्थेत ठेवलं. पहिले कित्येक महिने तो धड झोपला नाही, जेवला नाही. आता तिथे त्याचा पलंग आहे, त्याची खिडकी आहे. भाताला वरण लागलं की तो ताट सरकवतो, हे माहीत असलेली माणसं आहेत.

ती संस्था आता बंद करायची म्हणतात. इमारत जुनी झाली, राहणारे थोडे उरले, म्हणून कोणाला भोपाळला, कोणाला आणखी कुठे पाठवायचं. आम्ही पालक म्हणतो, दुरुस्ती करा, नाहीतर दुसरी जागा बघा... पण या सगळ्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना वेगळं करू नका.

हेच ऐकायला सरकारी खात्याचे साहेब येणार होते. सोनकच्छच्या चौधरीजींची मुलगी तिथेच राहते. ते म्हणाले, धरना देऊ. मी घाबरून हातच जोडले. "भिया, धरना-बिरना मत करो, साहब नाराज हो जाएँगे."

"काका, अभी कौन-से राजी बैठे हैं?"

साहेब आले आणि जेवणाच्या हॉलमध्ये उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, आवाज मात्र मोठा. म्हणाले, "देखिए, महीने के आखिर तक ये भवन खाली करना है. खाली!"

आणि मुकुंद खाली बसला... फरशीवर, मांडी घालून. मग चौधरीजींची मुलगी बसली. मग एकेक करत सगळेच.

त्याचं असं आहे, आमच्या घरात मराठी. त्याची आई जेवायच्या वेळी नुसतं "खाली" म्हणायची, की तो बसायचा. संस्थेत "बैठो" म्हटलं तर तो बघत उभा राही. मग तिथे काम करणाऱ्या ललिताबाईंनी मला विचारून तोच शब्द उचलला. मुकुंदचं बघून बाकीचेही त्या शब्दावर बसू लागले. ललिताबाई घरी माळवी बोलतात, बाकी सगळे हिंदी... पण जेवायला बसायचा शब्द त्या हॉलमध्ये मराठी आहे.

साहेबांना हे कुठून कळणार! ते चिडले. "ये धरना किसने शुरू करवाया?"

"आप ही ने, साहब," चौधरीजी म्हणाले. ललिताबाईंनी तोंडाला पदर लावला.

मला वाटलं, झालं, आता सगळं बिघडलं. समजावून सांगायला पुढे गेलो. माझं शिक्षण जेमतेम, साहेबांपुढे बोलायची सवय नाही. मराठीत खाली म्हणजे नीचे, एवढं कसंबसं सांगितलं. मग तोंडातून निघून गेलं, "साहब, भोपाल में इसको खाली कौन बोलेगा?"

 मग मीही मुकुंदशेजारी फरशीवर बसलो. चौधरीजीही बसले... आता त्याला धरना म्हणा, नाहीतर काहीही.

साहेबांनी फरशीवर बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "सोमवार को दफ्तर आइए. सबको साथ रखने की बात मैं ऊपर रखूँगा."

लेखी काही दिलं नाही. तेव्हापासून मला एकच घोर लागला आहे... साहेब विसरले तर? त्यांची बदली झाली तर? म्हणून हे लिहितोय. देवासच्या ओळखीच्या मंडळींनी सोमवारी आमच्याबरोबर यावं. बोलू नका, नुसते उभे राहा. आम्ही थोडे आहोत.

साहेब गेले आणि ललिताबाईंनी ताटं आणली. बसलेच आहेत, तर जेवून घेऊ द्या, म्हणाल्या. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू, कळत नाही.

बसची वेळ झाली तशी मी मुकुंदला "येतो" म्हटलं. त्याने मान वर केली नाही, तो जेवत होता. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं... आता वाटत नाही. मी नसलो तरी हा जेवेल, अशी माझ्या माहितीत एवढीच एक जागा आहे.