ठाणे ते भाईंदर, चार वेळा बंद पडत

घोडबंदर रोडवर गाडीत अडकलेली नात मला फोन करून रडगाणं गाते, तेव्हा मला हसूच येतं. बाई गं, त्याच रस्त्याने पंधरा मैल जायला आम्हाला अख्खी सकाळ लागली होती, आणि वाटेत भेटल्या मोजून चार बैलगाड्या! "मग लिही की आजी, लोक आवडीने वाचतात असलं," ती म्हणाली. नव्वदी केव्हाच ओलांडली मी, पण तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो.

लढाई नुकतीच संपली होती. हे, म्हणजे माझे यजमान, ठाण्यात मोटार-दुरुस्तीच्या एका कारखान्यात फिटर. लष्कराने मोडीत काढलेली एक मोटरसायकल आणून यांनी स्वतःच्या हाताने उभी केली होती. माझं माहेर भाईंदरचं, मिठागरवाल्यांचं. बाबांनी शेजारच्या मिठागरवाल्याचा मुलगा बघून ठेवला होता, आणि मी हट्टाने यांच्याशी लग्न केलं. "तेलकट हाताच्या मानसाला मी जावई म्हननार न्हाय," असं सांगून बाबा लग्नाला आलेच नाहीत. आई आली, मेणाने तोंड बंद केलेली लोणच्याची बरणी देऊन गेली. पुढे आईच गेली. तेव्हासुद्धा बाबा माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

वर्ष होत आलं तशी भावाची चिठ्ठी आली : "आईचं वर्षश्राद्ध आहे. दुपारी पानं वाढायच्या आत या. बाबा या म्हणाले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत." मी एवढ्यानेच हरखले. पण या खेपेलाही बाबा बोलले नाहीत, तर आपलं माहेर संपलं, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं.

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं. यांनी साठवलेली कुपनं देऊन आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी मी गाडी पुसत होते, तर टाकीच्या झाकणाला बारीकसं भोक! एवढ्या मुश्किलीने मिळालेलं पेट्रोल उडून नाही का जायचं? मिठागरावरच्या घरात डब्याला, बरणीला कुठे फट ठेवत नाहीत, खारी हवा शिरली की सगळं सादळतं. आई जुन्या लुगड्याच्या चिंधीची तिघडी करायची, एक कोपरा आत मुडपायची आणि मेणात बुडवून बरणीच्या तोंडावर गरमगरम थापायची. मी झाकणावर तस्संच केलं. वरून बाबांसाठी घेतलेल्या धोतरजोडीची पिशवी टाकीवर करकचून बांधली. यांना काही बोलले नाही. शाबासकी पोचल्यावर घेऊ म्हटलं!

सकाळी सहाला निघालो. कासारवडवलीपर्यंत गाडी झकास चालली, मग दोन आचके दिले आणि गप्प. यांनी प्लग काढला, पुसला, ठिणगी बघितली. ठिणगी ठणठणीत. तास-दीड तास खटपट करून किक मारली तर लगेच चालू! पुढे गायमुखाला परत तेच. उजवीकडे खाडी चकाकत होती, डावीकडे रान अगदी रस्त्यावर आलेलं. आजही तिथे वाहनांच्या रांगेत अडकलात तर काच खाली करून खाडीकडे बघा, तेवढं अजून तसंच आहे.

"तापली की मॅग्नेटो दगा देतोय, प्लग काढेस्तोवर निवतो," हे म्हणाले आणि ठिणगी पाडणाऱ्या त्या डबीवर माझा ओला रुमाल गुंडाळला. टाकी तर भरलेली, तिकडे बघायचं कारणच नव्हतं.

तिसऱ्यांदा वरसाव्याला. तेव्हा तिथे पूल नव्हता. धक्क्यावर उत्तनच्या एक किरिस्तांव मावशी सुके बोंबील घेऊन होडीची वाट बघत बसल्या होत्या. एका आण्यात दोघांचा चहा झाला. मावशी म्हणाल्या, "आमचं गलबत बरं, ते तापत तरी न्हाय!" मला हसू आलं नाही. सूर्य डोक्यावर चालला होता. यांच्या कपाळावर घाम डबडबला होता. गाडीची दुरुस्ती हीच ज्याची अब्रू, त्याला आपलीच गाडी कळत नव्हती.

चौथ्यांदा बंद पडली ती थेट मिठागराच्या बांधावर, घर समोर दिसत असताना. ढकलत नेली. अंगणात पोचलो तर पंगत उठलेली. बाबा ओटीवर बसले होते, जेवले नव्हते. माझ्याकडे पाहिलंच नाही. यांना म्हणाले, "सोताची गाडी चालंना, आन लोकांची दुरुस्त करतोस व्हय?" हे खाली मान घालून गाडी स्टँडला लावू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

भावाने धोतरजोडीची पिशवी सोडली. बाबा उठून जवळ आले, झाकणाकडे बघत राहिले.

"ह्ये कशानं बुजवलंय? राकेलचा डबा येका भोकानं वततो काय रं? दुसरं भोक पाडल्याबिगर धार लागत न्हाय!"

यांनी कपाळावर हात मारला. हवाच आत जात नव्हती, तर पेट्रोल खाली उतरणार कसं? थांबलं की कुठूनतरी थोडी हवा शिरायची, म्हणून गाडी परत चालू व्हायची. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक.

"माझीच चूक," हे म्हणाले. "पेट्रोल उडू नये म्हणून मीच बुजवलं."

फिटर माणूस, आणि सासऱ्यासमोर हे कबूल करतो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी नखाने ती चिंधी सोलून काढली. उलटी केली. आत मुडपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"खोटं बोलू नको, जावई," ते म्हणाले. "ही घडी माज्या बायकोची हाय."

मग माझ्याकडे वळले. "आयशीनं बरं शिकवलंन तुला. चल, पान वाढ. भूक लागली हाय."

मी रडत रडत वाढलं आणि आम्ही तिघं एका ओळीत जेवलो.

परतीच्या वाटेवर गाडी कुठेही बंद पडली नाही. तासाभरात ठाणं! मी सारखी माफी मागत होते आणि हे हसत होते. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, आधी झाकणाचं भोक बघा, मग मॅग्नेटोला शिव्या द्या.

घरी आल्यावर आईची बरणी काढली. आई गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता, आईच्या हातचं ते मेण फोडवतच नव्हतं. ते फोडलं. अर्धं लोणचं आम्हाला ठेवलं, अर्धं बरणीतच राहू दिलं, आणि पुढच्या रविवारी हे एकटेच ती बरणी घेऊन भाईंदरला गेले.

बाबांनी बरणी रिकामी पाठवली नाही. गळ्यापर्यंत नवं मीठ भरलेलं, आणि तोंडावर मेणाची चिंधी, तिघडी केलेली. मेण इकडेतिकडे ओघळलेलं, घडी वाकडी, आणि कोपरा आत मुडपायचा राहूनच गेला होता.