पापनाशमपर्यंत गेलेलं घर

गाडी माझीच कल्पना होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, सोवळ्याओवळ्याच्या खुळापायी बापाने मुलाला राबवलं. तसं नव्हतं. खूळ माझं होतं.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या किती पिढ्या गेल्या ते मोजायला बोटं पुरत नाहीत. घरात बोलणं मराठी, भांडण तमिळमध्ये आणि ऑफिसचा अर्ज इंग्रजीत. देवनागरी वाचता येणारे घरात एकटे अप्पा, माझे वडील. मी ही अक्षरं चाळिशीनंतर गिरवली. तोवर साताऱ्याहून आत्याचं कार्ड आलं की अप्पा चष्मा पुसून मोठ्याने वाचायचे आणि आम्ही ऐकायचो. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. आजीच्या वर्षश्राद्धाला आली होती तेवढीच, त्यानंतर बहीणभावांची भेट नाही. कार्डाच्या शेवटी नेहमी एकच वाक्य असायचं: तू कधी येतोस?

अप्पा जात नव्हते त्याचं कारण मडी. सोवळ्याला आमच्याकडे मडी म्हणतात. आंघोळ करून, उंच काठीवर वाळत घातलेलं धोतर नेसून आईने रांधलेलं तेवढंच अन्न ते खात. स्टेशनवरची इडली नाही, हॉटेलातली कॉफी नाही, दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही. साताऱ्याला पोचायला दोन रात्री. खाणार काय? 'अप्पांना प्रवास जमायचा नाही' हे घरात ठरूनच गेलं होतं. कुणी ठरवलं, विचारू नका. ठरलं होतं एवढं खरं.

तेव्हा देशात सगळंच नवीन येत होतं. गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ आलं, आमच्या ऑफिसात पांढऱ्या चादरीखाली झाकलेला कॉम्प्युटर आला. आणि एके दिवशी मोठ्या देवळासमोर एक परदेशी जोडपं चाकांवरचं घर घेऊन आलं. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे! मी तासभर त्या गाडीभोवती घिरट्या घातल्या. घरी येऊन म्हटलं, "अप्पा, असं घर आपण करूया. आत मडीचा स्वयंपाक. आई बरोबर. थेट अक्कांच्या दारात."

अप्पा हसले. म्हणाले, "होय की. करूया." मला वाटलं, त्यांना आनंदाचं भरतं आलं.

लग्नात स्वयंपाकाची कामं घेणाऱ्या एका माणसाची जुनी डिझेल व्हॅन मी घेतली. अजून तिला रसमचा वास येत होता. तीन महिने रोज ऑफिस सुटलं की मी आणि एक सुतार, दुसरं काही नाही. मागे फळ्यांचा बिछाना, मध्ये शेगडीची जागा. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध असतं, वर लोखंडी झाकण. त्या झाकणावर सुताराने सुरेख फळी बसवली आणि अप्पांनी तिथे देवांची पेटी आणि मडीच्या पाण्याचा हंडा ठेवला. देव पुढेच हवेत, म्हणाले. घ्या! म्हणजे इंजिनाला हात लावायचा तर आधी देवांना उठवायचं, आणि देवांना उठवायचं तर आधी आंघोळ करून मडीचं धोतर नेसायचं. ग्रीस लागलेल्या हाताने पेटीला शिवणं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्यासुद्धा नाही, आणि मी तर स्वतःला मोठा सुधारक समजत होतो.

पहिल्या फेरीला मी एकटा जवळच्या ओरत्तनाडू गावाला जाऊन आलो. परतताना आत डिझेलचा दर्प सुटला. डिझेलच्या फिल्टरचं भांडं पाझरत होतं. भांडं वरच्या टोपीला जिथे चिकटतं, तिथे रबराची एक रिंग असते. ती म्हातारी झाली की गळते. दोन रुपयांचं काम. नवी रिंग आणली.

रीतसर करायचं तर आंघोळ, धोतर, पेटी खाली, हंडा खाली, फळी वर, मग पुन्हा हात काळे. संध्याकाळ जाणार. मला ड्रायव्हरच्या पायांपाशी एक फट सापडली. तिच्यातून हात कोपरापर्यंत आत जायचा. दिसायचं काही नाही, पण बोटांना कळायचं. आडवा पडून, जीभ दाताखाली धरून, मी बोल्ट सैल केला, भांडं उतरवलं. जुनी रिंग काही हाताला लागली नाही. पडली असेल खाली रस्त्यावर, म्हटलं. नवी बसवली, बोल्ट आवळला, छोट्या पंपाने दाबून दाबून नळीतली हवा काढली. गाडी सुरू! मी स्वतःवरच खूष. अप्पांना सांगितलंसुद्धा, "पेटीला धक्का न लावता केलं बघा."

"शाबास," अप्पा म्हणाले.

निघण्याच्या सकाळी सगळी गल्ली लोटली. आईने चिंचेचा भात बांधला होता, तो दोन दिवस टिकतो. चाकांखाली लिंबं ठेवली. अप्पांनी अक्कासाठी घेतलेली रेशमी साडी मांडीवर धरली होती, पिशवीतही ठेवू देईनात. पश्चिमेला निघायचं तर आधी पूर्वेला पापनाशमच्या देवाला जाऊन येऊ, असा त्यांचा आग्रह. जवळच तर आहे, म्हणून मीही वळलो.

पापनाशमच्या बसस्टॉपपाशी गाडी दोनदा खोकली आणि बसली.

खाली वाकून पाहिलं तर डिझेलची धार. मी फटीतून हात घातला, बोल्ट आणखी आवळला, हवा काढली. सुरू झाली, शंभर पावलं गेली, पुन्हा बंद. पुन्हा तेच. बसची वाट बघणारे लोक भोवती जमले आणि प्रत्येकजण तमिळमध्ये मला अक्कल शिकवू लागला. एक म्हणाला साबण लाव, दुसरा म्हणाला दोरा गुंडाळ. ऊन डोक्यावर. माझा शर्ट काळा, हात काळे, डोकं तर कधीच फिरलं होतं.

अप्पा उतरून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तुला आंत दिसत नाहीं, म्हणून होत नाहीं बघ. देवळाच्या तळ्यावर मी आंघोळ करून येतों. ओलेत्यानेंच पेटी उचलतों. मग तूं नीट उघडून बघ. असेल त्याला एक तास."

एक तास! काय मोठं मागितलं होतं त्यांनी? पण तो सगळा जमाव बघत होता, आणि 'तुला दिसत नाही' हे मला मिरचीसारखं झोंबलं. मी तोंडाला येईल ते बोललो. "उघडून काय करायचंय? पंप गेलाय. मोठा पंप. मद्रासहून यायला हवा. दोन महिने तरी लागतील."

पंप मी पाहिलाही नव्हता. 

 अप्पा म्हणाले, "बरें." आणि साडी घेऊन आत जाऊन बसले. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हांला परत आणलं. गल्लीने विचारलं, आईने उत्तरं दिली. चिंचेचा भात घरीच खाल्ला.

त्याच संध्याकाळी अप्पांनी मला एसटीडी बूथवर नेलं. साताऱ्याला अक्काच्या शेजारी फोन होता. अक्काला कमी ऐकू यायचं, म्हणून काचेच्या खोक्यात उभे राहून अप्पा ओरडत होते, "अक्का! पंप गेला! पंप! दोन महिन्यांत येतों!" माझं खोटं माझा बाप एवढ्या मोठ्याने, एवढ्या विश्वासाने सांगत होता, आणि मी बाहेर उभा राहून चुळबुळत होतो. तेव्हासुद्धा बोललो नाही. म्हटलं, रविवारी उघडून बघू, होईल दुरुस्त, कोण कशाला विचारतंय.

रविवार आला, गेला. ऑफिसने मला कॉम्प्युटर शिकायला मद्रासला पाठवलं. परतलो तर थकवा. गाडीकडे बघितलं की पापनाशमचे ते लोक आठवायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. मेकॅनिकला बोलावणं म्हणजे तर नाक कापून घेणं. अप्पा एकदाही विचारत नव्हते, त्याचंही मला बरंच वाटायचं.

दोन महिने भरायच्या आतच कार्ड आलं. या खेपेला अप्पांनी मोठ्याने वाचलं नाही. कार्ड कोनाड्यात ठेवलं, विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागले. एक घागर, दुसरी घागर. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिला न वाचताच कळलं.

गाडी अंगणात उभी राहिली ती सहा वर्षं. देवांची पेटी घरात गेली. आई टपावर सांडगे वाळत घालायची. शेवटी तीच म्हणाली, "पुरे झालें आतां. घालव तिला."

घेणारा आपला मेकॅनिक घेऊन आला. म्हातारा, अबोल माणूस. अप्पा समोर ओट्यावर बसले होते. ऐंशी पार झालेले, पण कान तिखट. मी म्हटलं, जुनी आहे, पंपाचं काहीतरी आहे. त्याने फळी काढून बाजूला ठेवली, झाकण उघडलं, फिल्टरचं भांडं सोडवलं, टोपीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं. लाकडासारखी कडक झालेली एक रिंग बाहेर आली. ओरत्तनाडूच्या फेरीनंतर मी जिच्यावर नवी रिंग बसवली होती, तीच जुनी. रस्त्यावर पडलीच नव्हती. वर चिकटून होती.

"दोन रिंगा," तो तमिळमध्ये म्हणाला. "एकीवर दुसरी घातली की गळणारच, सार. पंप चांगला आहे." एक रिंग बसवून त्याने हवा काढली, बरोबर आणलेली बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि अंगण धुराने भरलं. गाडी गेली. मी ओट्याकडे बघायचं टाळत तिथेच फडक्याने हात पुसत राहिलो. हात स्वच्छच होते.

जेवणं झाल्यावर मी अप्पांच्या समोर जाऊन बसलो. म्हटलं, "अप्पा, मी उघडून बघायला हवं होतं. पंप म्हणालो, ते माझ्या मनाचं."

"माहीत आहे मला," अप्पा म्हणाले. "पंप आणायला कुणी मद्रासला पत्र टाकलेलें मी पाहिलें नाहीं." पुढे म्हणाले, "गाडी कशाला हवी होती रे? दोन दिवस केळीं आणि नारळाचें पाणी. फळाला कसली मडी? आगगाडीनें गेलों असतों मी."

 "मग बोलला का नाहीत, अप्पा?"

"तूं तीन महिने त्या गाडीखाली निजून काढलेस. म्हटलें, पोराला हौस आहे, त्याचें मन कशाला मोडायचें."

अरे देवा. तीन महिने मी गाडीखाली निजलो होतो, पण ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून "अप्पा, अक्कांकडे कसं जायचं?" एवढं एकदाही विचारलं नव्हतं.