आधीच तापलेलं इंधन

परवा पिंगळीच्या शाळेत जाऊन स्वतःचंच एक वाक्य खोडून आलो...

मी फ्रिज-एसीचा मेकॅनिक, शिक्षण दहावी. पण लेझर फ्युजनवरचे पेपर डिक्शनरी घेऊन मुळातून वाचतो, आणि समजल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही... असं निदान मी सगळ्यांना सांगत आलोय.

मोहरीएवढी इंधनाची गोळी. चहूबाजूंनी लेझर पडला की तिचं वरचं कवच उडतं आणि त्या धक्क्याने आतलं इंधन पेटेपर्यंत दाबलं जातं. या गडबडीत काही इलेक्ट्रॉन भलतेच वेगवान होतात, आणि दाब पोचायच्या आधीच आत घुसतात.

मागच्या महिन्यात मी इथेच लिहिलं होतं, "ते इंधन आधीच तापवतात, म्हणजे पेटायला मदतच." शाळेच्या सरांनी ते विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर उतरवलं. खाली माझं नाव.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी रशीद उस्ताद दुकानात चहाला आले. मला हे काम शिकवलं ते यांनीच. मी कौतुकाने पोस्ट वाचून दाखवली.

"गरम गॅस दाबायला सोपा का गार?"

"उस्ताद, हा फ्रिज नाही..."

"नसू दे. दाबायचं तर हाय ना? तुझे इलेक्ट्रॉन पुढं पळून माल तापवायलेत, अन् तू टाळ्या वाजवायलास!"

कॉम्प्रेसर खोलण्याआधी गॅस आत नेणाऱ्या सक्शन लाईनला हात लावून ती गार आहे ना, हे मी रोज बघतो... आत येणारा गॅस तापलेला असला की दाबायला जोर जास्त लागतो.

पेपर पुन्हा काढला. स्पष्ट लिहिलं होतं. इंधन आधी तापलं की ते दाबाला विरोध करतं आणि पुरेसं घट्ट होत नाही. अगदी शेवटी, इंधनाचा बाहेरचा थर दाट झाल्यावर आलेले इलेक्ट्रॉन त्या थरातच अडतात आणि मदतही करू शकतात, ती गोष्ट वेगळी... पण मी ते लिहिलं नव्हतं.

गाडी काढली. दहाला प्रदर्शन उघडणार होतं, मी साडेनऊला पोचलो. सर म्हणाले, "राहू द्या हो, इथं कोणाला कळणार आहे?"

मला कळलं होतं. मार्करने "मदतच" खोडून "अडथळा" लिहिलं. खोडलेलं दिसेल असंच ठेवलं.

खाली माझ्या नावाशेजारी आणखी एक ओळ घातली... चूक दाखवली: रशीद उस्ताद, फ्रिज मेकॅनिक.