धुराच्या वासाचा चहा

मुलीनं परदेशातून खोकं पाठवलं तेव्हा घरी आम्ही दोघंच होतो. दोघंच असतो. व्हिडिओ कॉल लावून ती म्हणाली, माझ्यासमोर उघडा. आत बारक्या बारक्या काचेच्या बाटल्या. गुलाबी मीठ, करड्या खड्यांचं मीठ, कुठल्याशा वाळवंटी देशातला मसाला, सुकवलेले जर्दाळू, आंबट चेरी, आणि काळ्या पत्र्याच्या डबीत चहा. डबीवरची अक्षरं चिनी.

बायकोनं एकेक झाकण उघडलं, हुंगायचं म्हणून हुंगलं आणि माझ्याकडे सरकवलं. मागच्या एका तापात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. तेव्हापासून घरातलं नाक मी. दूध नासलं का, डाळ लागली का, गॅस सुटला का, सगळं मलाच विचारायचं.

चहाची डबी मी नाकाशी धरली आणि म्हणालो, वेलदोडा आहे, छान आहे.

मुलगी हसली. "पापा, वो तो धुएँवाली चाय है. डबी उघडली का आख्खा कमरा भरून जाते."

मी म्हणालो, जरा सर्दी झाली आहे. बायको माझ्याकडे पाहत राहिली.

मला वास येत नाही. मुलगी शाळेत होती तेव्हापासून. मी इथं हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांवर होतो. ॲसिडनं गेला की जुनाट सर्दीनं, ते ठाऊक नाही. डॉक्टरकडे गेलोच नाही. टाकीवरच्या माणसाला वास आलाच पाहिजे. कळलं असतं तर मला उचलून गेटवर बसवलं असतं. सोबतच्यांचा जीव माझ्या नाकावर होता हेही मला कळत होतं, तरी बोललो नाही. घरी सांगितलं असतं तर कॅंपात, आमच्या कामगार वस्तीत, पसरायला वेळ लागला नसता. सांगायचं राहून गेलं असं मी आजवर मनाशी म्हणत आलो. राहून गेलं नाही, रोज नव्यानं लपवलं.

तसं अवघड नव्हतं. उन्हाळ्यात बायको काळा मसाला करायची. इकडे येऊन राहिलेल्या, पार कुम्हारी गावापर्यंतच्या आपल्या नागपूरकडच्या बायका रिकामे डबे तिच्याकडे पोचवायच्या. भाजताना ती झारा माझ्या नाकाखाली धरायची, झालं का पाहा बरं म्हणायची. मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. झालं की नाही ते तिथं दिसायचं. तेच मी बोलून दाखवायचो.

तापानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या तोंडावर काहीच दिसेना. धने, खोबरं रंगावरून निभावलं. दगडफूल मुळातच काळं. जळालं की नाही हे नाकालाच कळतं. ती विचारत होती, जळून तर नाही राहिलं? मी म्हटलं, होऊ दे अजून थोडं.

मसाला कडू झाला. कोणी तोंडावर बोललं नाही. एक जण तेवढी हसत म्हणाली, "वहिनी, यंदा मसाल्याले नजर लागली वाटते." पुढच्या उन्हाळ्यात एकही डबा आला नाही. बायकोनं तिचा हिशोब लावला: हुंगणारं नाक धड होतं, म्हणजे भाजण बरोबर होतं, म्हणजे प्रमाणच चुकलं. माझा हात गेला, म्हणाली. मी ऐकून घेतलं.

त्या दिवशी कॉल संपताना मुलीनं तोच मसाला मागितला. तिची मैत्रीण इकडे येणार होती, तिच्याजवळ द्यायचा. बायको म्हणाली, आता माझ्याच्यानं होत नाही, बाजारातला पाठवते. फोन बंद झाल्यावरही ती तो हातात धरून बसली होती.

"मले वास येत नाही," मी म्हणालो. "सर्दी नाही. पोरगी शाळेत होती तवापासून."

तिला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे दगडफूल जळालं होतं."

"हो."

"मंग मले कावून म्हणू देलं, माझा हात गेला म्हणून?"

तिनं बाटल्यांची झाकणं एकेक करून लावली. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस दोघंबी गॅसपाशी असेच बसून राहिलो." मला वाटलं, हसेल. हसली नाही. ओरडलीही नाही. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो.

नंतर तिनं स्वतःच जाऊन दगडफूल आणलं. वरच्या मजल्यावरच्या छत्तीसगढी बाईंना खाली बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "दीदी, मेरी नाक नहीं चलती. इनकी तो कब से नहीं चलती, बताए ही नहीं. आप बैठो." त्या बाई हसायला लागल्या, माझ्याकडे पाहून थांबल्या, आणि पदर सावरत शेगडीजवळ बसल्या.

मुलीपुरताच मसाला करायचा होता. भाजण चालू होतं तेवढा वेळ मी बाहेरच्या खोलीत बसलो. वाईट वाटत होतं असंही म्हणता येत नाही. आतून त्या बाईंचा आवाज आला, बस, अब उतारो. मग झारा कढईवर आपटल्याचा. मला कोणी बोलावलं नाही.